'जीवनाची पूर्णता' की पुरून उरणारं जीवन?

भुसावळहून एका वाचकाचा प्रश्न आला आहे. रस्त्याने जाताना त्यांना ख्रिस्ती प्रार्थनासभेचा फलक दिसला: 'देवाच्या सानिध्यात जीवनाची पूर्णता'. ते विचारतात, "आमच्याकडे आयुष्य पूर्ण झालं म्हणजे माणूस गेला. मग हे आमंत्रण समजायचं की निधनवार्ता?"

प्रश्न थट्टेचा वाटला, तरी मुद्दा खरा आहे. मराठीत काम पूर्ण होतं, हप्ते पूर्ण होतात, शंभरी पूर्ण होते. 'पूर्ण'ला 'होणे' लागलं की ती गोष्ट संपते. 'पूर्णता'ही मग त्याच वासाची होते. फलकावर म्हणायचं होतं ते याच्या अगदी उलट.

या कल्पनेचं मूळ बहुतेक वेळा बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानातल्या (येशूची कथा सांगणाऱ्या पुस्तकातल्या) 10व्या अध्यायाच्या 10व्या वचनात दाखवतात. चोर नाश करायला येतो, मी मात्र त्यांना जीवन मिळावं आणि ते विपुल मिळावं म्हणून आलो, असं येशू तिथे म्हणतो. आपल्या प्रचलित मराठी बायबलात 'विपुलपणे' असा शब्द आहे. मला तो जरा कोरडा वाटतो. विपुल म्हटलं की पाऊस आठवतो, नाहीतर ग्रंथसंपदा. मूळ ग्रीक शब्द 'पेरिस्सॉस', म्हणजे गरजेपेक्षा जास्त, मापाबाहेर सांडणारं. त्याच शुभवर्तमानाच्या 6व्या अध्यायात पाच भाकरी आणि दोन मासे यांवर पाच हजार पुरुष जेवतात आणि उरलेल्या तुकड्यांच्या 12 टोपल्या भरतात. तिथल्या 'उरण्या'चं क्रियापद याच शब्दाच्या कुळातलं आहे.

खानदेशात लग्नाच्या पंगतीला वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी असते. पंगती उठल्या की घरधनी आत डोकावून विचारतो, "पुरलं का?" आतून उत्तर येतं, "पुरून उरलं!" पेरिस्सॉसला यापेक्षा जवळचा मराठी शब्द मला सापडलेला नाही. 'पूर्ण' म्हणजे ताट काठोकाठ भरलं. 'पुरून उरणं' म्हणजे आयत्या वेळी आलेल्यालाही वाढता येतं.

ग्रीकमध्ये भरलेपणासाठी 'प्लेरोमा' हा वेगळा शब्दही आहे. योहानाच्या पहिल्याच अध्यायात तो येतो आणि तिथे 'पूर्णता' हे भाषांतर चपखल बसतं, कारण ती पूर्णता ख्रिस्ताची आहे आणि माणसांना त्यातून मिळत राहतं. फलक लिहिणाऱ्याने बहुधा हे दोन शब्द एकाच पातेल्यात ओतले.

आता 'सानिध्य'. शुद्ध रूप 'सान्निध्य', दोन न. सम् + नि + धा यांपासून 'सन्निधी', म्हणजे अगदी जवळ ठेवलेलं. फलकावर एक न गळला, त्याचं मला फार दुःख नाही. अर्ध्या महाराष्ट्राने तो गाळला आहे. अर्थ अधिक मजेचा आहे. बायबलमधल्या 16व्या स्तोत्राच्या शेवटच्या वचनात 'तुझ्या सान्निध्यात पूर्णानंद' असे शब्द येतात. मूळ हिब्रूत सान्निध्याच्या जागी 'पानीम' आहे, म्हणजे चेहरा. आणि 'पूर्णानंद'मधल्या 'पूर्ण'साठी 'सोवा' आहे, म्हणजे पोट भरल्याची तृप्ती. शब्दशः पाहिलं तर 'तुझ्या चेहऱ्यासमोर आनंदाने पोट भरतं'. बघा, पुन्हा पंगतच!

मराठी वाचकाला सान्निध्य म्हटलं की सलोकता, समीपता, सरूपता, सायुज्यता या चार मुक्ती आठवणार. तिथे समीपता ही पायरी आहे, शेवटी सायुज्यता, म्हणजे देवाशी एकरूप होणं, येते. ख्रिस्ती वापरात मात्र जवळ जाणारा देवात विरघळत नाही. चेहऱ्यासमोर चेहरा राहतो, बोलणं-ऐकणं चालू राहतं. शिवाय हे मरणानंतरचं नाही. योहानाच्या लेखी 'जीवन' विश्वास ठेवल्या क्षणापासून सुरू होतं. फलकावरची 'पूर्णता' खटकते ती म्हणूनच.

वाचकांनी पुढे असंही विचारलं आहे की सरळ 'समृद्ध जीवन' का लिहीत नाहीत. लिहू नये, असं माझं मत. त्या शब्दाला आता पैशाचा वास आहे. 'भरभरून जगणं'सुद्धा सहलीच्या जाहिरातींनी पळवलं.

खानदेशातल्या अहिराणी बोलीत हा गुंता पटकन सुटतो. तिथे 'जोडे' म्हणजे जवळ. "ये, मनाजोडे बठ" (ये, माझ्याजवळ बस) यात तो शेजार सांगतो, तर "मनाजोडे पैसा नहीत" (माझ्याजवळ पैसे नाहीत) यात मालकी. प्रमाण मराठीतला 'जवळ'ही हे दोन्ही अर्थ वाहतो, पण 'जोडे'त जोडलेपण ऐकूही येतं. देव जोडे आहे म्हटलं की तो शेजारी बसलेलाही असतो आणि आपल्याकडे असलेली पुंजीही तोच असतो.

तेव्हा भुसावळच्या वाचकांनी मंडळींना सुचवून पाहावं: 'देवाजवळ या, जीवन पुरून उरेल.' अक्षरं थोडी वाढतील, पण निधनवार्ता कोणी समजणार नाही.