बेळगावजवळ चार गुंठे खंडानं घेऊन स्ट्रॉबेरी, झुकिनी आणि भोपळा लावावा म्हणतोय. जमेल का? आणि भोपळ्याशेजारी झुकिनी कडू होते हे खरं का?

खोटं आहे. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण पहिल्याचं उत्तर देणारे पुष्कळ भेटतील, आणि दुसऱ्याचं चुकीचं उत्तर देत फिरणारा एक माणूस माझ्याच नात्यात आहे.

तुम्ही लिहिलंय की शेजारच्या शेतकऱ्यानं सांगितलं, भोपळ्याच्या वेलाजवळ झुकिनी लावली तर ‘बी बिघडतं’, फळ कडू होतं, नाहीतर कोवळं असतानाच कुजून गळतं. शब्दाला शब्द हेच मी घरातल्या प्रत्येक बारशाला नि लग्नाच्या पंगतीत ऐकत आलोय. सांगणारे माझे साडूभाऊ.

मी उद्यमबागला लेथवर काम करतो. शेती घरची होती ती वाटण्यांत गेली, हात मात्र मातीत गेल्याशिवाय चैन पडत नाही. म्हणून आम्ही दोघा साडूंनी मिळून बेनकनहळ्ळीच्या पुढं थोडे गुंठे खंडानं घेतले. मालक म्हणजे एक आज्जा. मुलं पुण्याला, जमीन पडून. कागद-बिगद काही नाही, आणि तुम्हीही कागद मागत बसू नका. १९७४ च्या दुरुस्तीनंतर कर्नाटकात शेतजमीन खंडानं देणं कायद्यानं जवळजवळ बंदच आहे, त्यामुळे ‘लिहून द्या’ म्हटलं की मालक चहा पाजून वाटेला लावतो. चालतं ते तोंडी, माणूस बघून. दुसऱ्याच्या जमिनीत कायमचा खर्च करू नका एवढं मात्र ध्यानात ठेवा.

तर मधे पाट. पाटाच्या अलीकडं मी, पलीकडं साडूभाऊ. मी कडेला स्ट्रॉबेरीचे गादीवाफे केले, मधे झुकिनी लावली आणि बांधावर तांबडा भोपळा सोडला. साडूभाऊंनी आख्खी बाजू झुकिनीला दिली. गोव्याच्या हॉटेलांत झुकिनी खपते असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. ते खरंच आहे. बेळगावची भाजी चोर्ला घाटानं रोज गोव्याला उतरते, त्यात आता ही हिरवी-पिवळी झुकिनीही असते. पण आपल्या दोन-चार टोपल्यांसाठी कुणी गाडी थांबवत नाही, हा भाग त्यांना कुणी सांगितला नव्हता.

साडूभाऊंचा एक स्वभाव आहे. पानामागं चार मावा दिसले की पंप पाठीवर. आणि फवारायची वेळ कुठली, तर भल्या सकाळी, ड्यूटीला जायच्या आधी. आता झुकिनीचं फूल बघा. ते पहाटे उमलतं आणि ऊन चढलं की मिटतं, मग पुन्हा उघडत नाही. नरफूल बारीक लांब देठावर असतं. मादीफुलाच्या मागं बोटाएवढी झुकिनी जन्मतःच चिकटलेली असते. एकाचे परागकण दुसऱ्यात पोचवायचं काम मधमाशीचं, आणि तिच्या हातात तेवढेच चार तास. नेमक्या त्याच तासांत हे गृहस्थ उग्र वासाचं औषध मारायचे. एका सकाळी मी त्यांच्या बाजूच्या एका फुलात वाकून बघितलं तर तळाशी दोन सातेरी माश्या, अंगभर पिवळे परागकण, पाय वर करून पडलेल्या. फूल तोडून त्यांच्यापुढं धरलं. म्हणाले, “थंडीनं मेल्या असतील की.”

पुढं काय व्हायचं ते झालं. बोटभर फळं टोकाकडनं पिवळी पडायची, मऊ व्हायची, हात लावला की गळायची. त्यांच्याकडंही आणि माझ्याकडंही, कारण माश्यांना पाट कळत नाही. साडूभाऊंनी बांधावरचे माझे भोपळे बघितले आणि निदान करून टाकलं: “पावणं, तुमच्या भोपळ्यानं नासवलंय हे.”

मी हसण्यावारी नेलं. पुढच्या रविवारी जाऊन बघतो तर बांधावरचे सगळे वेल बुडाशी विळ्यानं कापलेले. पानं सुकून चुरा, आणि त्यात नारळाएवढे कच्चे भोपळे तसेच. एका शब्दानं विचारलं नव्हतं. मालक आज्जा बांधावर बसलेले, ते नुसतं म्हणाले, “मी नको म्हणालो होतो बाबा.” घरी बायको म्हणाली, ताईच्या नवऱ्याशी भांडू नका. भांडलो नाही. पण सोडलंही नाही.

बायकोच्या शिवणाच्या डब्यातला तांबडा दोरा घेतला आणि साडूभाऊंना बरोबर घेऊन पहाटे रानात गेलो. त्यांच्याच बाजूला, त्यांच्याच डोळ्यांदेखत. नरफूल तोडायचं, पाकळ्या सोलून टाकायच्या, मधली पिवळी दांडी मादीफुलात सगळीकडून फिरवायची आणि त्या फळाच्या देठाला दोरा बांधायचा. बाकीची फुलं तशीच सोडली. भोपळे तर आधीच कापलेले होते, म्हणजे ‘नासवणारं’ रानात कुणी उरलंच नव्हतं. तरी बिनदोऱ्याची बहुतेक फळं कुजली आणि दोरा बांधलेली आठवड्यात वीतभर झाली. साडूभाऊंच्या घरी त्याचीच थालीपीठं झाली, तेही जेवले. मग हात धुताना म्हणाले, “दोरा तांबडा होता न्हवं, म्हणून दृष्ट लागली नाही.”

अशा माणसाला काय सांगणार! म्हणून तुम्हाला सांगतो. परागकण कुणाचेही असोत, या सालच्या फळाचा गर त्याच्या स्वतःच्या वेलाचाच असतो. संकराचा फरक पडलाच तर आतल्या बियांत, म्हणजे पुढच्या पिढीत पडतो. त्यातही आपला नेहमीचा तांबडा भोपळा बहुतेक ठिकाणी कुकुर्बिटा मोशाटा आणि झुकिनी कुकुर्बिटा पेपो. घराणं एक, जात वेगळी. शेजारी लावून त्यांचा संकर सहसा होतच नाही. कोवळं फळ टोकाकडनं कुजतंय म्हणजे फूल नीट फळलं नाही, याशिवाय आधी दुसरं काही समजू नका. फवारायचंच असेल तर फुलं मिटल्यावर, संध्याकाळी. आणि फुलोऱ्यात शक्यतो नकोच.

आता तुमचा खरा प्रश्न.

जमीन पश्चिमेची बघा. शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या काळ्या रानात बासमती भात झकास येतो, आणि जिथं भात झकास येतो तिथं स्ट्रॉबेरीची मुळं कुजतात. बेळगुंदी, उचगाव, बिजगर्णी या बाजूची रताळ्याची तांबडी माती पाणी धरून ठेवत नाही आणि किंचित आम्लही असते. स्ट्रॉबेरीला नेमकं तेच लागतं.

स्ट्रॉबेरी म्हणजे महाबळेश्वर असं सगळ्यांच्या डोक्यात बसलंय. त्यात चूक नाही, महाबळेश्वर १३०० मीटरच्या वर, आपण साधारण साडेसातशेवर. तिथं हंगाम उन्हाळ्यापर्यंत रेंगाळतो, आपल्याकडं महाशिवरात्रीनंतर ऊन तापलं की फळ बारीक होत जातं नि झाड नुसते धुमारे सोडत बसतं. पण डिसेंबर-जानेवारीत बेळगावची थंडी तिला पुरते. रोपं वाई-महाबळेश्वरकडच्या रोपवाटिकेतनं आणा. विंटर डॉन, स्वीट चार्ली, कॅमारोसा, नाबिला यांपैकी जी ताजी नि निरोगी दिसेल ती घ्या. लागवड मोठा पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबर संपताना किंवा ऑक्टोबरात. गादीवाफा चांगला फूटभर उंच, वर मल्चिंग पेपर, रोपात फूटभर अंतर. गुंठ्याला साधारण ५५०-६०० रोपं बसतात. पहिल्या साली एवढी लावू नका, अर्ध्या गुंठ्यातच कंबर कळते.

रोपाचा गाभा, म्हणजे जिथनं पानं फुटतात ती जागा, मातीच्या बरोबर वर राहिली पाहिजे. गाडला गेला तर कुजतो, फार उघडा राहिला तर मुळं सुकतात. सुरुवातीला येणारे धुमारे कापत राहा. फळ तोडल्यावर रंग थोडा चढतो पण गोडी वाढत नाही, तेव्हा पूर्ण लाल झाल्यावरच तोडा. अर्थात तुमच्याआधी बुलबुल तोडणार. जाळी टाका. बुजगावण्यावर बुलबुल बसून फळ खातो, मी बघितलंय.

झुकिनी लावायला सोपी. पाऊस उघडल्यावर टोका, तीन-तीन फुटांवर, दीड-दोन महिन्यांत तोडा सुरू. तोडा म्हणजे रोज. वीतभर झाली की काढायची. दोन दिवस गावाला गेलात तर परत येईतो मुसळ झालेलं असतं, आणि एक मुसळ ठेवलं की झाड नवी फळं धरायला कंटाळतं. थंडीत पानावर भुरी, म्हणजे पांढरी बुरशी, येणारच. खालची पानं वेळीच काढा, पाणी बुडाशी द्या, पानांवर नको.

भोपळ्याला शिकवायला लागत नाही. मृगाला टोका, शेणखत घाला, बांध मोकळा द्या. देठ वाळून कडक झाला आणि सालीत नख रुतेना की काढा, माळ्यावर महिनोन्‌महिने राहतो. तीन पिकांत घरच्या माणसांना खरं पोटाला घालणारं हेच एक, घारग्यांपासून भाजीपर्यंत. आणि त्याच्याच मुळावर विळा चालतो, हे माझं दुखणं.

पैशाचं म्हणाल तर चार गुंठ्यांत सुटत नाही. गणपत गल्लीत बसणाऱ्या बायकांना झुकिनी दिली तर गिऱ्हाईक उचलून बघतं, काकडी समजून वास घेतं आणि ठेवून देतं. स्ट्रॉबेरी कॉलनीतल्या ओळखीच्या घरांत हातोहात जाते, पण ती बांधावर उभं राहूनच पोरं निम्मी संपवतात. भागीत करू नका. करायचंच असेल तर नात्यातल्या माणसाबरोबर मुळीच नको, आणि फवारणी कोण, कधी, कशाची करणार हे बी टोकायच्या आधी ठरवा. शेजारच्या वाफ्यातलं औषध आपल्या फुलांवर येतं, त्याला भावकीचं भांडण म्हणा की विज्ञान म्हणा.

एक गोष्ट राहिली, ती मात्र साडूभाऊंच्या बाजूची आहे. कडू झुकिनी नावाचा प्रकार खरोखर असतो. झुकिनीच्याच जातीतल्या शोभेच्या कडू भोपळ्याशी संकर झालेलं बी कुणी राखून पेरलं तर त्या झाडाचं फळ कडूजहर निघू शकतं, आणि ते खाल्लं तर उलट्या-जुलाब होतात. शिजवून कडूपणा जात नाही. म्हणून घरचं बी राखू नका, तसंही बाजारातलं बहुतेक बी संकरितच असतं. कापल्यावर छोटा तुकडा जिभेला लावून बघा, कडू लागला तर थुंका आणि सगळं फळ टाका. पण याच्याशी बांधावरच्या तांबड्या भोपळ्याचा काही संबंध नाही. तुमच्या शेजाऱ्याला हे नीट समजावून सांगा, आणि त्याच्या हातात विळा नसताना सांगा.

स्ट्रॉबेरीची रोपं गणपतीच्या आधीच सांगून ठेवा. उशिरा गेलात तर मोठ्या बागाईतदारांनी निवडून उरलेली गळ्यात पडतात.