दोन पालख्या, एकच साचा

कोल्हापूर,
सोमवार

लेका,

तू केलेल्या टेबलावरच्या खेळाचं खोकं मिळालं. पन्हाळ्याच्या वेढ्याचा डाव दोनदा मांडला. एकदा नातवाबरोबर, एकदा एकट्यानंच दोन्ही बाजूंनी. जमलाय. पण सोबतची चिठ्ठी वाचता वाचता चहा गार झाला. पावनखिंडीच्या एक्स्पान्शनला, म्हणजे पुरवणी खोक्याला, सतरा नव्या मिनी, म्हणजे छोट्या मूर्ती? प्रत्येकीला वेगळा साचा?

उद्यमनगरात पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे नमुने, करण्यात माझा जन्म गेला, म्हणून आधी पैशाचं बोलतो. स्टीलच्या डायचा खर्च पहिला नग पडायच्या आधीच होऊन बसतो. मग दहा नग काढ नाहीतर दहा हजार. रबरी साच्यात व्हाइट मेटल, म्हणजे कथलाचा मिश्रधातू, ओतायचं म्हटलं तर सुरुवात स्वस्तात होते, पण ओतून ओतून साचा झिजतो आणि तलवारीची टोकं बोथट यायला लागतात. आमच्याकडे पंपाची बॉडी दोन मापांत हवी असेल तर अख्खा पॅटर्न कुणी नवा करत नाही, बदलायचा तेवढा तुकडा बदलतात. तुलाही तेच करता येईल. डोकी, ढाली आणि हात अशा सुट्या भागांची एक छोटी फ्रेम काढ, धडं जुनीच राहू देत. वॉरहॅमर हा मिनींचा खेळ काढणारी गेम्स वर्कशॉपसारखी मोठी कंपनीसुद्धा अपग्रेड स्प्रू म्हणून हेच विकते.

पण पैसा बाजूला ठेवला तरी मी हेच सांगितलं असतं. जुलै १६६० च्या त्या रात्री पन्हाळ्यावरून पावसात जी माणसं उतरली, त्यांतलीच पुढं घोडखिंडीत उभी राहिली. मागून आलेला सिद्दी मसूदही वेढ्यातलाच. मग मावळ्याला नवा चेहरा कशाला? उलट पहिल्या डावात तटावर उभा केलेला, एक कान तुटलेला, तुझ्या हातानं रंगवलेला मावळा दुसऱ्या डावात खिंडीच्या तोंडाशी आला, तर खेळणाऱ्याला तो ओळखीचा वाटेल. त्याला मरू द्यायला जीव होणार नाही.

आता पालख्या. चिठ्ठीत तू लिहिलंस की शिवा काशीदची पालखी वेगळी घडवायची, म्हणजे लोकांना कळेल. अरे, कळली तर सोंग कसलं? दोन्ही पालख्या एकाच साच्यातल्या हव्यात, तोच दांडा, तेच भोई, तोच रंग. फरक फक्त बेसच्या, म्हणजे मिनीखालच्या बैठकीच्या, पोटाला असू दे. उलटं केल्यावरच दिसेल असा भगवा ठिपका एकीला लाव, दुसरी कोरी सोड. शत्रूचा स्वार पालखीला भिडला की मगच उलटून बघायचं. मी काल मूळ खोक्यातली पालखी आणि मापासाठी काड्यापेटी घेऊन हे करून पाहिलं. काड्यापेटी होती तरी नातवाची चलबिचल बघण्यासारखी होती. तुझ्या सबंध खेळातला हा सगळ्यात भारी क्षण ठरेल, आणि त्याला नवा साचा एकही लागत नाही.

जुनं वापरताना माती कुठं होते तेही ऐक. मी एकदा घरच्या घरी एक डाव रचला होता, त्यात तेच घोडेस्वार आदिलशाहीचेही आणि मोगलांचेही. एकाच टेबलावर. तिसऱ्या फेरीत मित्रानं माझेच स्वार माझ्यावर घातले आणि मला ते दोन फेऱ्यांनी कळलं. तेव्हापासून बेसच्या कडेला रंग: बाजू कोणती ते कडेवरून कळायला हवं, अंगरख्यावरून नव्हे. बांदलांच्या तुकडीला एक कड दे. विशाळगडाच्या पायथ्याशी अडवणाऱ्या सुर्वे-दळवींच्या माणसांना दुसरी दे. त्यांच्यासाठी आदिलशाही पायदळाच्याच मिनी वापरता येतील. २८ मिलिमीटरच्या माणसाची मिशी टेबलापलीकडून कुणाला दिसत नाही, दिसते ती उभं राहण्याची ढब.

म्हणूनच बाजीप्रभू नवे कर. ते एकटेच. पन्हाळ्यावरचा पुतळा तू लहानपणापासून बघतोयस, दोन्ही हातांत तलवारी. ती आकृती तुझ्या मूळ खोक्यात कुठंच नाही, आणि जुन्या मावळ्याच्या हातात दुसरी तलवार चिकटवून ती येणारही नाही, खांद्याचा पीळच वेगळा आहे. बाकीच्या साच्यांचे पैसे वाचलेत ना, मग त्या एका मूर्तीवर खर्च कर.

मोजणी करून घे. मूळ खोक्यात चोवीस मावळे आहेत, आणि तुझ्या खिंडीच्या डावाला तीस लागतात. म्हणजे गिऱ्हाइकानं दुसरं खोकं घ्यायचं का? डाव चोवीसात बसव.

बेसचं माप तर अजिबात बदलू नकोस. वॉरहॅमरची जुनी फँटसी आवृत्ती २०१५ मध्ये बंद होऊन एज ऑफ सिग्मार आलं तेव्हा चौकोनी बेसचे गोल झाले. मग २०२४ ला द ओल्ड वर्ल्डमध्ये जुनी मॉडेलं परत बाजारात आली, बेस पुन्हा चौकोनी, पण माणसांचा २० चा २५ मिलिमीटर झालेला. ज्यांनी जुन्या फौजा जपल्या होत्या, ते अडॅप्टर ट्रे, म्हणजे लहान बेस नव्या मापात बसवणाऱ्या पट्ट्या, करत बसले. याउलट फ्रॉस्टग्रेव्ह हा खेळ बघ, कुठल्याही कंपनीची मिनी चालते, नियम पुस्तकात आणि माणसं तुमच्या कपाटातली. प्रत्येक कंपनीला ते परवडेल असं नाही, पण लोकांच्या कपाटाचा मान त्यांनी ठेवलाय.

लोक म्हणतील जुनंच खपवलं, ही तुझी भीती. मग खोक्यावर मोठ्या अक्षरात छाप की मूळ खेळ लागेल, आत नवी मूर्ती एक, पालखी एक, फ्रेम एक, बाकी पत्ते आणि नकाशा. आणि किंमत तशीच ठेव. लोकांना राग येतो तो लपवल्याचा.

रंगाचं राहिलंच. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतनं आणलेले मावळे आम्ही दर दिवाळीला किल्ल्यावर ठेवायचो आणि दर दिवाळीला त्यावर नवा ऑइलपेंट चढवायचो. पाचव्या वर्षी एकाला नाकच उरलं नव्हतं. आई त्याला बटाटा म्हणायची. तेव्हा कड बदलायची तर फक्त कड रंगव. सगळाच रंग काढायचा असेल तर प्लास्टिकला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश, तेही आधी एका नगावर. थिनर लावलास तर मावळा विरघळेल. थिनर धातूच्या मिनीला चालतो.

पुढच्या सोमवारी कारखाना बंद असतो, दुपारी ये. दुसरी पालखी ओतून आण, काड्यापेटीवर नातू आता फसत नाही.

तुझा,
काका