वाचकांचे प्रश्न : गच्चीवरून निघून गेलेली मनी

प्रश्न : आम्ही वडोदऱ्यात दांडिया बाजारातील जुन्या वाड्यात राहतो. उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या पतंगोत्सवाच्या, दिवशी गच्चीचे दार उघडे राहिले आणि भोंग्यांच्या गोंगाटाने बिथरून आमची घरातच वाढलेली मनी निघून गेली. रोज हाका मारतो, पण साधे ‘म्याव’ही ऐकू येत नाही. ती फार दूर गेली असेल का?

उत्तर : बहुधा नाही. बाहेरची सवय नसलेले मांजर घाबरले की मिळेल त्या पहिल्या आडोशाला अंग चोरून बसते आणि शत्रूला ठावठिकाणा कळू नये म्हणून ओळखीच्या हाकेलाही ओ देत नाही. त्यामुळे आवाज येत नाही म्हणून ती तिथे नाही, असे कृपया मानू नका. हरवलेल्या बाराशेंहून अधिक मांजरांविषयी २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, सापडलेल्यांपैकी सुमारे ७५ टक्के मांजरे ५०० मीटरांच्या आतच मिळाली होती.

म्हणून रस्त्याच्या आधी शेजारच्या गच्च्या पाहा. सणासाठी उघडलेल्या गच्चीवरच्या खोल्या आणि माळे सण संपला की पुन्हा कुलूपबंद होतात आणि आत शिरलेले मांजर कोंडले जाते. मला सर्वांत अधिक शंका याचीच वाटते. शेजाऱ्यांनी ‘इथे नाही’ म्हटले तरी विनंती करून स्वतः आत जा, पाण्याच्या टाकीखाली, जिन्याखाली, अडगळीमागे वाकून बघा. जानेवारीच्या थंडीत मांजरे उबेसाठी मोटारीच्या इंजिनापाशीही शिरतात, तेव्हा गाडी सुरू करण्यापूर्वी बॉनेटवर थाप मारण्यास सर्वांना सांगा.

वर्दळ थांबल्यावर, मध्यरात्रीनंतर, टॉर्च डोळ्यांच्या उंचीवर धरून पुन्हा फिरा. मांजराच्या डोळ्यांतील पडद्यामागचा थर प्रकाश परतवतो, त्यामुळे अंधारातही डोळे चमकतात. ती दिसली तर धावू नका. खाली बसून तिच्या नेहमीच्या आवडीचे, किंचित कोमट केलेले खाणे पुढे ठेवा आणि हळू बोलत राहा.

छायाचित्रासह सूचना मराठीबरोबर गुजरातीतही लावा.

ती मिळाली की, वरवर ठणठणीत दिसली तरी, त्याच दिवशी पशुवैद्यांकडे न्या, कारण काही दिवसांच्या उपासानेही मांजराच्या यकृतात धोकादायक प्रमाणात चरबी साठू शकते. अंगात मांजा रुतलेला असेल तर तो ओढून काढू नका. गुजरातमध्ये १९६२ या क्रमांकावर पशुरुग्णवाहिका बोलावता येते.