सासरच्या घरात चप्पल चालेल का?

आपला प्रश्न असा आहे: लग्नानंतर प्रथमच सांगलीजवळच्या सासरच्या गावी काही दिवस राहायला जायचे आहे, टाचदुखीमुळे डॉक्टरांनी घरातसुद्धा मऊ तळाची चप्पल घालायला सांगितले आहे, तर तिकडच्या घरात ती चालेल का, आणि चालणार नसेल तर त्यामागे नेमके काय आहे? माझे माहेर साताऱ्याचे आणि सासर वाळवा तालुक्यातले आहे, आणि गेली अनेक वर्षे आम्ही सांगलीत राहतो. त्या अनुभवावरून सांगते की बाहेरून घालून आलेली चप्पल कोणत्याही घरात चालणार नाही. केवळ घरासाठी घेतलेली, रस्त्याची माती कधीही न लागलेली वेगळी चप्पल बहुतेक घरांत चालेल. मात्र ती आधी सांगून घालावी आणि काही ठिकाणी आठवणीने काढावी.

आपल्याकडच्या जुन्या घराची रचना पाहिली की ही रीत लगेच समजते. अंगण, मग ओसरी, मग सोपा, त्याच्या आत माजघर आणि शेवटी स्वयंपाकघर व देवघर, अशी पायरीपायरीने आत जाणारी ती घरे होती, आणि त्यांची जमीन शेणाने सारवलेली असे. त्याच जमिनीवर पंगत बसायची, त्याच जमिनीवर रात्री अंथरुणे पडायची, शाळूची कणसे आली की तिथेच निवडली जायची आणि लहान मूल तिथेच रांगायचे. म्हणजे आज आपण जेवणाच्या टेबलाला, पलंगाला आणि ओट्याला जे मानतो, ते सगळे त्या काळी जमीनच होती. कृष्णाकाठच्या काळ्या रानातला चिखल पायताणाला लोंबत असताना त्या सारवणावर कोण पाऊल टाकील? म्हणून अंगणातच पायताण सुटायचे, पाहुण्याला पायांवर घ्यायला तांब्याभर पाणी मिळायचे, आणि पाय धुतल्यावर गूळपाणी. घरे सिमेंटची झाली, फरशी आली, जेवायला टेबल आले, तरी आत-बाहेरची ती ओळ लोकांच्या मनात अजून तिथेच आखलेली आहे. जपानमध्येही घरात शिरताना पादत्राणे काढण्याची जागा आतल्या जमिनीपेक्षा थोडी खाली ठेवतात, आणि तिथेही जुन्या पद्धतीच्या घरात बसणे, जेवणे, झोपणे जमिनीवरच होत आले आहे. कारण एकच असावे असे मला वाटते.

परंतु केवळ स्वच्छतेने सगळे स्पष्ट होत नाही. वहाण उंबऱ्याबाहेर राहते, पण पादुका मात्र थेट देवघरात असतात. आपल्याच जिल्ह्यात, कृष्णाकाठी औदुंबरला दत्ताच्या देवळात पादुकांची पूजा होते. आळंदीहून निघालेला ज्ञानेश्वर महाराजांचा पालखी सोहळा सातारा जिल्ह्यात प्रवेश करतो, तेव्हा माउलींच्या पादुकांना नीरेच्या पात्रात स्नान घातले जाते, आणि त्या क्षणासाठी माणसे तासन्‌तास काठावर उभी असतात. ज्या पायांमागून चालावेसे वाटते त्या पायांच्या खुणेला आपण डोक्यावर घेतो, आणि स्वतःची वहाण मात्र दाराशी सोडतो. चप्पल काढणे म्हणजे आपले पाऊल इथे नम्रपणे पडते आहे हे न बोलता सांगणे, अशी माझी त्याबद्दलची समजूत आहे.

या रीतीची एक बाजू मला नेहमी बोचते आणि ती सांगितल्याशिवाय हे उत्तर पुरे होणार नाही. चामडे विटाळाचे मानले गेले, म्हणून वहाणेबरोबर ती शिवणाऱ्या माणसालाही आपण पिढ्यान्‌पिढ्या उंबऱ्याबाहेर ठेवले. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कातडे कमावून बनवलेल्या कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्या क्षेत्रात कोल्हापूर आणि सोलापूरबरोबर आपले सांगली आणि सातारा हे जिल्हेही आहेत (शिवाय कर्नाटकातले चार जिल्हे). त्या चपलेचा अभिमान आपण बाळगतो, तर ती घडवणाऱ्या हातांना घरात पाण्याचा पेला कसा दिला जात होता हेही आठवणीत ठेवले पाहिजे. आजही काही दारांत बूट घालून आलेल्या साहेबाला ‘राहू द्या, राहू द्या’ म्हणतात आणि शेतमजूर मात्र अंगणातच पायताण सोडून उभा राहतो. नियम असेल तर तो सर्वांना सारखा हवा, आणि आपल्या नव्या घरात आपण तो तसा पाळाल अशी आशा मी मनापासून करते.

ही रीत मोडावी लागते तेव्हा काय होते, हे मी एकदा पाहिले आहे. ऑगस्ट 2019 च्या महापुरात आमच्या सांगलीच्या घरात छातीइतके पाणी होते. पाणी ओसरल्यावर आम्ही परत आलो, तेव्हा घरभर गुडघ्याच्या खालपर्यंत गाळ, त्यात फुटलेल्या काचा, आणि साप-विंचवांची व लेप्टोच्या तापाची भीती. सगळे गमबूट घालूनच आत गेले. माझ्या सासूबाई, आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात, देवघराच्या दाराशी गमबूट घालून बराच वेळ थांबल्या, मग तशाच आत गेल्या आणि चिखलातून देव एकेक करून पदरात गोळा केले. त्या दिवशी त्या काही बोलल्या नाहीत. गाळ काढला, फरशी ब्लीचिंग पावडरने चार-चार वेळा धुतली, आणि दहा-बारा दिवसांनी एका सकाळी आत्यांनी गमबूट ओसरीच्या कोपऱ्यात ओळीने लावून ठेवले. ‘आता पायताणं भाईर’, एवढेच त्या म्हणाल्या, आणि तिथून पुढे आम्ही सगळे त्या फरशीवर पुन्हा अनवाणी चालू लागलो.

आता आपल्या टाचेविषयी. दुखण्यासाठी रीत थांबते, हे मी माझ्या सासऱ्यांच्या बाबतीत पाहिले. त्यांना मधुमेह आहे आणि तळपायाची संवेदना कमी झाली आहे. अशा माणसाला बारीक खडा किंवा टाचणी टोचलेली कळत नाही आणि साध्या जखमेचे पुढे मोठे दुखणे होते, म्हणून डॉक्टर त्यांना घरातही अनवाणी चालू देत नाहीत. सुरुवातीला ते ऐकायला तयार नव्हते. मग आत्यांनीच बाजारातून नवी चप्पल आणली, ती कधी ओसरीच्या बाहेर जाणार नाही असे ठरवले, आणि प्रश्न मिटला. देवपूजेला ते पाटावर बसून ती काढतात, एवढेच.

म्हणून आपणही नवी जोडी घ्या, ती पिशवीत ठेवून न्या आणि पोहोचताच पायात घालू नका. पहिला चहा झाला की सासूबाईंना बाजूला घेऊन टाचेचे दुखणे सांगा, डॉक्टरांनी सांगितले आहे हेही सांगा, आणि ही चप्पल फक्त घरातली आहे हे दाखवा. ही गोष्ट यजमानांकडून कळवण्यापेक्षा आपण स्वतः सांगितलेली अधिक बरी, कारण सुनेने विचारले याचे त्यांना समाधान वाटेल. स्वयंपाकघराबद्दल मात्र वेगळे विचारा. ओट्याशी तासभर उभे राहताना टाच सर्वांत जास्त दुखते, आणि काही घरांत तिथे चप्पल अजिबात चालत नाही. तसे असेल तर पायाखाली जाड पायपुसणे घेण्याची परवानगी मागा, ते सहसा कोणी नाकारत नाही.

नव्या सुनेला दिवसातून कितीतरी वेळा पाया पडावे लागते. वाकण्यापूर्वी चप्पल काढा. समोरची वडीलधारी व्यक्तीही आपला पाय चपलेतून बाहेर घेते असे आपल्याला दिसेल, कारण नमस्कार पायांना असतो, चपलेला नव्हे. हळदीकुंकवाला किंवा सत्यनारायणाला सतरंजी अंथरलेली असते, तिच्या काठाशीच चप्पल सोडायची, मग ती घरातली असली तरी. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गावदेवाच्या दर्शनाला नेतील, आणि तिथे कोणतीच सवलत नाही. उन्हाळ्यात देवळाच्या अंगणातली दगडी फरशी दुपारी इतकी तापते की निरोगी पायालाही ती सहन होत नाही, तेव्हा सकाळी लवकर जाऊया असे आदल्या रात्रीच सुचवून ठेवा.