लॅकर (लाकडावरचा चकचकीत पारदर्शक लेप) केलेल्या जुन्या टेबलाची चमक गेली आहे. सगळं खरवडून काढावं लागेल का?

बहुतेक वेळा नाही. आधी नीट पुसून बघा. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, मऊ कापड घट्ट पिळून घ्यायचं आणि लगेच कोरडं करायचं. कापडावर तपकिरी चिकट थर आला, तर मंदपणा लॅकरचा नव्हे, हाताच्या तेलकटपणाचा आणि जुन्या मेणाचा होता.

तरीही निस्तेज दिसलं, तर 0000 नंबरच्या स्टील वूलला (अगदी बारीक पोलादी तारांच्या गुंडाळीला) थोडं पेस्ट वॅक्स, म्हणजे लाकडासाठीचं घट्ट मेण, लावून लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच हलकं घासा. बारीक ओरखडे मावळतात. दहा-पंधरा मिनिटांनी सुती कापडाने चमकवा. कडांवर मात्र हात अगदी हलका ठेवा. तिथे थर सर्वांत पातळ असतो, चटकन लाकूड उघडं पडतं.

लाकूड आधीच उघडं पडलं असेल, तर वॅक्स उपयोगाचं नाही. झाकलेल्या कोपऱ्यात लॅकर थिनरचा थेंब टाका. थर विरघळला, तर ते बहुधा नायट्रोसेल्युलोज लॅकर. त्याचा नवा हात जुन्या थरात विरघळून एकजीव होतो. खिडक्या उघड्या ठेवा, जवळपास आग नको. आणि सिलिकॉनचे चकाकी देणारे स्प्रे कृपया टाळा, त्यांच्यावर लॅकरचा पुढचा थर नीट बसत नाही.