संगणक एक आणि मुले सव्वीस

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत तिसरी-चौथीचा जोडवर्ग शिकवते. वर्गात २६ मुले आहेत. शाळेला नुकताच एक संगणक मिळाला आहे, पण दुपारी बहुधा वीज नसते. मुलांना ‘कोडिंग’ शिकवावे असा पालकांचा आग्रह आहे. मी एमएस-सीआयटी केले आहे, मात्र प्रोग्रामिंग मला येत नाही. इतक्या लहान मुलांना काय शिकवावे? – एक शिक्षिका

उत्तर : प्रोग्रामिंग येत नाही म्हणून आपण मुळीच मागे हटू नये. एखादे काम लहान लहान पायऱ्यांत मांडणे, त्या पायऱ्या दुसऱ्याला नेमक्या शब्दांत सांगणे आणि काम फसले तर कोणती पायरी चुकली ते शोधणे, एवढे या वयात जमू लागले की संगणकशास्त्राचा पाया पडतो, आणि त्यासाठी कोणतीही संगणकभाषा लागत नाही. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कोडिंगचे उपक्रम सहावी ते आठवीच्या टप्प्यावर सुचवलेले आहेत, हे पालकसभेत अवश्य सांगावे.

सुरुवात वर्गातील फरशीपासून करावी. खडूने पाच बाय पाच चौकोन आखावेत, एका चौकोनात दगड ठेवावा आणि आपण स्वतः ‘यंत्र’ व्हावे. मुलांनी ‘एक घर पुढे’, ‘उजवीकडे वळा’, ‘डावीकडे वळा’ एवढ्याच सूचना द्यायच्या आणि आपण त्या जशाच्या तशा पाळायच्या. कोणी ‘तिकडे जा’ म्हणाले तर जागचे हलायचे नाही. समोर उभ्या असलेल्या मुलांची उजवी बाजू ती आपली डावी, त्यामुळे यंत्र लवकरच भलतीकडे वळेल. ही चूक आपण दुरुस्त करून देऊ नये. कोणत्या सूचनेपाशी बिघडले ते मुलांनीच एकेक पायरी मागे जात शोधावे. यालाच डीबगिंग म्हणतात आणि व्यावसायिक प्रोग्रामरांचाही बराच वेळ यातच जातो. गणितज्ञ आणि शिक्षणतज्ज्ञ सीमोर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ साली मुलांसाठी लोगो ही संगणकभाषा तयार केली. तिच्यात पुढे आलेले कासव, म्हणजे पडद्यावर फिरणारी एक छोटी आकृती, अशाच सूचनांवर चालते, आणि त्याला कसे वळवावे हे उमगेना तर मुलाने स्वतः उठून कासवासारखे चालून पाहावे, असे पॅपर्ट सांगत असत.

दुसरी कृती ठिपक्यांच्या पाच कार्डांची आहे. न्यूझीलंडमधील कँटरबरी विद्यापीठाचे टिम बेल आणि त्यांचे सहकारी यांनी संगणकाविना संगणकशास्त्र शिकवण्याच्या ज्या कृती रचल्या, त्यांतली ही बहुधा सर्वांत देखणी. पुठ्ठ्याच्या कार्डांवर १६, ८, ४, २ आणि १ ठिपके काढून पाच मुलांना याच क्रमाने फळ्यापाशी उभे करावे आणि वर्गाने एक संख्या सांगावी. २१ म्हटले की १६, ४ आणि १ ही कार्डे दिसली पाहिजेत, बाकीची दोन पाठमोरी राहिली पाहिजेत. पाचही कार्डे मिळून ३१पर्यंतची प्रत्येक संख्या दाखवता येते, आणि तीही प्रत्येक वेळी एकाच प्रकारे, हे मुलांना स्वतः करून पाहू द्यावे. मग सहावे कार्ड किती ठिपक्यांचे हवे, असे विचारावे. दुप्पट करणे ज्यांना येते ती मुले ३२ हे उत्तर आपणहून देतील. संगणकाच्या आत अशाच उघड्या आणि बंद स्थितींनी संख्या, अक्षरे आणि चित्रे साठवलेली असतात, हे त्यानंतर सांगितले तर ते पोकळ वाक्य राहत नाही. (‘संगणकाचे भाग’ पाठ करून घेण्यात सत्र घालवणाऱ्या शाळा मी पाहिल्या आहेत, आणि त्या मुलांविषयी मला मनापासून वाईट वाटते.) एसीएम इंडिया या संगणकतज्ज्ञांच्या संस्थेच्या ‘सीएसपाठशाला’ उपक्रमातही संगणकाविना करण्याच्या अशा पुष्कळ कृती आहेत.

वीज असेल तेव्हा संगणकापाशी मुले जोडीने बसवावीत. ज्याच्या हातात माउस त्याने फक्त जोडीदार सांगेल तेवढेच करायचे आणि दहा मिनिटांनी जागा बदलायची. यामुळे एकच चुणचुणीत मूल सगळा वेळ माउस धरून बसत नाही. टंकलेखन मराठीतच सुरू करावे. भारतीय भाषांसाठीच्या इनस्क्रिप्ट कळफलकावर स्वर डावीकडे आणि व्यंजने उजवीकडे असतात, ‘क’ची कळ शिफ्टसह दाबली की ‘ख’ उमटतो, त्यामुळे वर्णमाला पक्की असलेल्या मुलांना ही मांडणी ओळखीची वाटते.

प्रश्न : माझी दुसरीतली मुलगी फोनवर खेळताना माझा मोबाइल क्रमांक आणि आलेला ओटीपीही भरून मोकळी झाली. फोन काढून घेतला, पण हा उपाय नव्हे असे वाटते. – एक पालक

उत्तर : आपल्याला वाटते ते बरोबर आहे. खेळात पुढे जायला जे मागितले ते तिने दिले. तिच्या दृष्टीने ती केवळ सूचना पाळत होती. तिला शेजारी बसवून तो ओटीपीचा संदेश मोठ्याने वाचायला सांगावा. हा क्रमांक कोणालाही देऊ नका, असे बहुतेक संदेशांत लिहिलेलेच असते, आणि ते वाक्य तिने स्वतः वाचलेले अधिक लक्षात राहील. आपले पूर्ण नाव, शाळा, पत्ता आणि फोटो यांचेही तसेच आहे, हे त्याच वेळी समजावावे. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती आवश्यक मानली आहे, पण पडद्यापुढे एकट्या बसलेल्या मुलीच्या हाताशी कायदा नसतो, आपण असायला हवे. खात्यातून पैसे गेले असतील तर विलंब न करता सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. मुलीला फोन परत देताना एकच सवय लावावी : पडद्यावर काही भरायला सांगितले, की तो बंद न करता, आहे तसाच घेऊन आईकडे किंवा बाबांकडे यायचे, आणि ती आली की आपण हातातले काम बाजूला ठेवून तो पडदा तिच्यासोबत वाचायचा.