बॅडमिंटन हॉलला काच कोणती?

प्रश्न : कळंब्याजवळ दोन कोर्टांचा बॅडमिंटन हॉल बांधतोय. कोर्टं पूर्व-पश्चिम आहेत. पश्चिमेची अख्खी भिंत काचेची आणि वरच्या गॅलरीला काचेचं रेलिंग, असा आराखडा आहे. एसी नाही. फॅब्रिकेटर दोन्हीकडे १२ मिमी टफन सुचवतो, भिंतीला रिफ्लेक्टिव्ह. चालेल का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आधी रेलिंगचं बोलू, कारण जिवाचा प्रश्न तिथे आहे. टफन काच (तापवून झटक्यात थंड केलेली) साध्या काचेच्या चार-पाचपट ताकदीची, हे खरं. पण फुटते तेव्हा एका क्षणात सगळी फुटते. तुकडे खालच्या कोर्टावर पडतात आणि गॅलरीची कड उघडी राहते. शिवाय काचेत निकेल सल्फाइडचा बारीक कण राहिला असेल, तर कुणी हात न लावताही ती वर्षा-दोन वर्षांनी फुटू शकते. म्हणून रेलिंगला दोन ६ मिमी टफन काचा, मध्ये त्यांना चिकटवून धरणारा १.५२ मिमीचा पीव्हीबी हा प्लास्टिकचा थर, अशी लॅमिनेटेड घ्या आणि वरून सलग स्टीलचा हँडरेल द्या. दोन्ही काचा फुटल्या तर पीव्हीबी लोळागोळा होऊन वाकतं, तेव्हा माणसाला हाच हँडरेल धरतो. हँडरेल नकोच असेल, तर पीव्हीबीऐवजी जास्त ताठ असलेला एसजीपी थर लागेल; तो महाग पडतो. दोन्ही प्रकारांत हीट सोक केल्याचं, म्हणजे असा कण असलेली काच कारखान्यातच तापवून फोडून काढल्याचं, सर्टिफिकेट मागा.

पश्चिमेची काच मात्र रद्दच करा. बेसलाइनच्या मागे उजेड असला की पांढरं शटल दिसत नाही, आणि गडद काच लावूनही उतरतं ऊन डोळ्यावर येतंच. रिफ्लेक्टिव्ह काच संध्याकाळी उलटी फिरते : आत दिवे, बाहेर अंधार, म्हणजे खेळाडूपुढे आरसा! तिथे साधी भिंत बांधा, गडद हिरवा मॅट रंग द्या.

उजेड उत्तरेकडून, वरच्या पट्टीतून घ्या. मात्र कोल्हापुरात मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य उत्तरेला असतो, त्यामुळे दोन फुटांचा छज्जा हवाच. ही काचही डोक्यावर येते, म्हणून लॅमिनेटेडच. उष्णता अडवणारी कोटिंगची काच घेतलीत तर हार्ड कोट (काच बनतानाच भाजून बसवलेला थर) मागा. सॉफ्ट कोट (नंतर चढवलेला नाजूक थर) सिंगल काचेत उघडा राहिला की खराब होतो. आणि तो झाकायला डबल ग्लेझिंग (मध्ये हवा ठेवून जोडलेली दुहेरी काच) करावं, तर एसी नसताना तो खर्च वाया.

टफन केल्यावर काच कापता किंवा भोकं पाडता येत नाही. फ्रेम बसल्यावर प्रत्येक गाळा तीन ठिकाणी मोजून मगच ऑर्डर द्या. लॅमिनेटेडच्या कडेला न्यूट्रल सिलिकॉनच वापरा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन पीव्हीबी खराब करतं. खालच्या चॅनेलला पाणी जायला भोकं ठेवा. नाहीतर आपल्या पावसात कड भिजत राहते आणि दुधाळ होऊन सुटते. वजनाचाही अंदाज ठेवा : ४ बाय ८ फुटांचा रेलिंगसारख्या लॅमिनेटेड काचेचा पॅनेल ९० किलोच्या वर जातो.

प्रश्न : बॉक्स क्रिकेटच्या ऑफिसची खिडकी टर्फकडे आहे. पॉलिकार्बोनेट लावू का?
– एक वाचक, उचगाव

उत्तर : फुटणार नाही, पण धूळ पुसून पुसून ओरखडतं आणि उन्हात पिवळं पडतं. लॅमिनेटेड काच लावा आणि दीड-दोन फूट पुढे नेट बांधा. ते ताणू नका. चेंडूचा जोर सैल नेटच खातं.